खुर्च्या हलवायला परवानगी द्या!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका सद्गृहस्थांनी आर्टच्या पोरापोरींनी केलेल्या शोची जोरात खिल्ली उडवली होती. त्यांचं म्हणणं असं की सिनेमा बघायला या म्हणून बोलावलं, आणि आत गेलो तर ना धड पडदा, ना स्टोरी, ना बसायला खुर्ची, नुसता धुपाचा धूर करून ठेवलेला आणि एक प्रोजेक्टर चालू, आणि लोकं त्या उजेडात हात घालून उभी, ह्याला सिनेमा म्हणायचं असेल तर मग आमच्या मंडळाच्या मिरवणुकीतल्या लायटिंगला ऑस्कर द्या. वाक्य भारी आहे, टाळी पडणारच. पण मी पण होतो त्या शोला, आणि माझी सगळी नोकरी थिएटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर म्हणून झालीय, त्यामुळं गप्प बसवेना. पत्र जरा लांबेल, कात्री तुमच्याच हातात आहे.

पहिली गोष्ट म्हणजे केबिनमधून सिनेमा कसा दिसतो ते आजपर्यंत आम्हाला कुणी विचारलंच नाही. पब्लिक पडद्याकडं बघतं, आम्ही भोकातून बघतो, आणि त्या भोकातून पडद्याच्या आधी दिसतो तो उजेडाचा झोत. कार्बनच्या जमान्यात तर काय, प्रोजेक्टरमध्ये उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळत असायच्या, त्यांच्यातलं अंतर सारखं सांभाळायचं, जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिव्या चालू. खाली स्टॉलात बंदी असून सुद्धा बिड्या पेटलेल्या असायच्या, तो धूर वर चढायचा आणि झोतात शिरला की हवेतच चित्र हलायला लागायचं. रात्रीचा सीन असला की झोत बारीक, काळपट, मध्येच कुठं कंदील पेटला तर तेवढीच एक पिवळी सळई पडद्यापर्यंत गेलेली, आणि एकदम दिवसाचा सीन लागला की अख्खी हवा पांढरीफेक. बाल्कनीतली पोरं पुढं येऊन झोतात हात घालायची, पडद्यावर हिरॉइनच्या तोंडावर सावलीचं कुत्रं भुंकायचं, डोअरकीपर बॅटरी घेऊन पळायचा. म्हणजे पडद्यावर चालू असलेला सिनेमा एक, आणि केबिन ते पडदा ह्या मधल्या हवेत चालू असलेला दुसरा, आणि तो दुसरा बघायला कुणी तिकीट काढत नव्हतं, एवढंच.

आता हेच एका माणसानं ठरवून केलं. अँथनी मॅकॉल म्हणून इंग्लंडचा आर्टिस्ट, १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये त्यानं ‘लाइन डिस्क्रायबिंग अ कोन’ नावाची १६ एमएमची, म्हणजे १६ मिलिमीटर रुंद पट्टीवरची, फिल्म केली. अर्ध्या तासाची. सुरुवातीला काळ्यात एकच पांढरा ठिपका, मग तो ठिपका हळूहळू सरकत एक गोल रेघ काढायला लागतो, आणि अर्ध्या तासात गोल पूर्ण होतो, बस्स. फिल्मवर एवढंच आहे. पण खोलीत धूर किंवा धुकं असलं की त्या ठिपक्याची हवेत एक सुतासारखी रेघ दिसते, गोल वाढत जातो तशी त्या रेघेची वळणारी भिंत होते, आणि शेवटी प्रोजेक्टरच्या लेन्सपासून समोरच्या भिंतीपर्यंत पोकळ शंकू उभा राहतो, नुसत्या उजेडाचा. खुर्च्या नसतातच. लोकं भिंतीकडं पाठ करून प्रोजेक्टरकडं बघतात, शंकूच्या आत शिरतात, बाहेर येतात, हात घालून भिंत तोडतात आणि हात काढला की ती परत जुळते. त्या काळी तिथल्या जुन्या लॉफ्टमधली, म्हणजे गोदामासारख्या मोठ्या खोल्यांतली, धूळ आणि लोकांच्या सिगारेटी एवढ्यावर काम भागायचं, हल्ली म्युझियममध्ये हवा स्वच्छ असते म्हणून धुक्याचं मशीन लावायला लागतं. आमच्या पोरांना मशीन परवडलं नाही म्हणून त्यांनी धूप जाळला. आणि त्यांनी काय मॅकॉलची फिल्म दाखवली नाही बरं का, लॅपटॉपवर स्वतः केलेला गोल आणि दोन आडव्या पट्ट्या होत्या, त्यातली एक पट्टी कमरेएवढ्या उंचीवर इतकी सपाट पसरली होती की एक बारकं पोरगं तिच्याखाली वाकून आत गेलं आणि तिच्यातनं मुंडकं वर काढून आईला हाका मारायला लागलं, पाण्यात उभं राहिल्यासारखं. ते बघायला सद्गृहस्थ थांबले नसावेत बहुतेक.

स्टोरी काय, हा त्यांचा प्रश्न. आता देवाची आणि सिनेमाची बरोबरी मी करत नाही, पण अंबाबाईच्या किरणोत्सवाला आपण सगळेच जातो ना? ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, गरुड मंडपातनं सरकत सरकत गाभाऱ्यापर्यंत जातात, पहिल्या दिवशी पायावर, मग छातीवर, मग चेहऱ्यावर. आपण श्वास रोखून बघतो, किरण उंबऱ्यापाशी आलं, आता पायरीवर आलं, आज ढग आला, आज मधल्या बिल्डिंगीनं अडवलं, म्हणून हळहळतो सुद्धा. तिथं कुणी विचारत नाही स्टोरी काय. उजेड, त्याची वाट, ती अंधारी जागा आणि वाट बघणारी माणसं, एवढ्यावर कोल्हापूरकर दरवर्षी तासंतास उभा राहतो, मग हॉलमध्ये अर्ध्या तासात पाय का दुखावेत!

असो. प्रेक्षकानं नेमकं कुठं आणि कसं बसायचं ह्यावर तर असले प्रयोग करणाऱ्या लोकांनी डोकी फोडून घेतलीत. पीटर कुबेल्का म्हणून ऑस्ट्रियाचा एक फिल्मवाला, त्याच्या डोक्यातून निघालेलं थिएटर १९७० साली न्यूयॉर्कला अँथॉलॉजी फिल्म अर्काइव्ह्ज ह्या संस्थेत उभं राहिलं, त्याला नाव दिलेलं ‘इनव्हिजिबल सिनेमा’. भिंती काळ्या, छत काळं, खुर्च्या काळ्या, आणि प्रत्येक खुर्चीला घोड्याच्या झापडासारख्या फळ्या, म्हणजे शेजारचा माणूस दिसायलाच नको, फक्त पडदा दिसायला पाहिजे. चारेक वर्षं चाललं ते. मला विचाराल तर हा हट्टीपणा झाला, शेजारच्याची शिट्टी ऐकू आल्याशिवाय आणि पुढच्याच्या टोपीला नावं ठेवल्याशिवाय सिनेमा बघितला असं कोल्हापुरात कुणाला वाटणार? पण माणसानं विचार तरी केला होता, की हॉल हा पण सिनेमाचा भाग आहे. आणि त्याच्या बरोब्बर उलट अमेरिकेचा फिल्मवाला स्टॅन वॅनडरबीक, त्यानं १९६० नंतरच्या वर्षांत न्यूयॉर्कजवळ स्टोनी पॉइंटला धान्याच्या कोठाराचा घुमट आणून त्याचं थिएटर केलं, ‘मूव्ही-ड्रोम’. लोकांनी जमिनीवर उताणं पडायचं, पाय मधोमध करून, आणि डोक्यावरच्या घुमटावर एकाच वेळी फिल्म, स्लाइड सगळं फिरतंय, ज्याला जे बघायचं ते त्यानं निवडायचं. एकानं नजर बांधून ठेवली आणि दुसऱ्यानं मोकाट सोडली. आपल्या मल्टिप्लेक्सवाल्यांनी खुर्ची मागं झोपवली आणि वर पॉपकॉर्नचे तीनशे रुपये लावले, हा आमच्याकडचा प्रयोग.

ह्याच कुबेल्काची एक फिल्म आहे १९६० ची, ‘आर्नुल्फ राइनर’, साडेसहा मिनिटांची. त्यात चित्रच नाही. कोरी पट्टी आणि काळी पट्टी, आवाज आणि शांतता, बाकी काही नाही. साध्या माणसाला चेष्टा वाटेल, ऑपरेटरला नाही वाटणार, कारण कोरी आणि काळी पट्टी आम्ही रोज हाताळलीय, रिळाच्या आगंमागं तीच असायची. आणि आम्हाला हेही ठाऊक असतं की फिल्म गेटमध्ये, म्हणजे लेन्सच्या मागच्या चौकटीत, सेकंदाला चोवीस वेळा थांबते, आणि एक फ्रेम जाऊन दुसरी येईपर्यंत शटरचं फिरतं पातं उजेड अडवतं, म्हणजे तुम्ही तीन तासांचा पिक्चर बघता त्यातला कितीतरी वेळ हॉलमध्ये चक्क अंधार असतो, तुम्हाला पत्ता नसतो. कुबेल्कानं तोच लपलेला अंधार मोठा करून दाखवला. शिवाय नुसती कोरी पट्टी लागली की पडद्यावर बघण्यासारखं काहीच नसतं, पण हॉल उजळतो, भिंतीचे पोपडे, पंखे, माणसांची डोकी, सगळं फट्‌कन दिसतं आणि विझतं. रीळ तुटलं की आमच्याकडं हेच व्हायचं, पडदा पांढरा, हॉलमध्ये लखलखाट आणि मागच्या रांगेतली जोडपी झटक्यात लांब!

सद्गृहस्थांना हे सगळं परदेशी खूळ वाटत असेल तर सांगतो, आपल्या गल्लीत गणपतीत पडदा बांधायचे तो काय होता मग? रस्त्याच्या मधोमध दोन खांबांना पांढरं कापड, दोऱ्या ताणलेल्या, वारा आला की हिरोचं पोट सुटायचं. पुढं जागा मिळाली नाही की लोकं कापडाच्या मागं जाऊन बसायची, चित्र तिकडूनही दिसायचं, फक्त उलटं. नावं उलटी, साइनबोर्ड उलटे, व्हिलनच्या गालावरचा व्रण ह्या गालाचा त्या गालावर, आणि सगळे शूरवीर डाव्या हातानं तलवार चालवणारे. दुसऱ्या दिवशी शाळेत पुढचे आणि मागचे भांडायचे की घोडा कुठल्या बाजूनं आला, आणि दोघं पण खरं बोलत असायचे. कापडाला दोन बाजू असतात आणि सिनेमा दोन्हीकडं असतो, हे पुस्तकात वाचायला लागलं नाही आम्हाला.

आपल्या देशात ह्याच्यावर विचार करून काम केलेली माणसंही आहेत की. मुंबईत १९६९ साली अकबर पदमसींनी फेलोशिपच्या पैशातून व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप काढलं, पेंटर, फोटोवाले, फिल्मवाले एका छताखाली. तिथं नलिनी मालानी तेव्हा ऐन विशीतल्या. त्यांचं ‘यूटोपिया’ म्हणून काम आहे, १९६९ ते ७६ ह्या काळातलं, दोन फिल्म शेजारी शेजारी एकदम चालतात. एकीत घरांच्या मॉडेलवर रंगीत उजेड टाकून केलेलं अॅनिमेशन, नव्या भारतातलं स्वप्नातलं घर म्हणा, आणि दुसरीत ब्लॅक अँड व्हाइट, एक बाई उंच बिल्डिंगीतनं खाली बघतीय आणि खाली झोपडपट्टी पसरलेली. दोन्ही पडद्यांच्या मध्ये काही नाही, पण बघणाऱ्याची मान इकडून तिकडं होत राहते आणि सगळी गोची त्या मान वळवण्यात आहे, कारण एकाकडं बघताना दुसरं सुटतंच. हे एकाच पडद्यावर कट मारून दाखवलं असतं तर दिग्दर्शकानं आपल्या वतीनं मान वळवली असती. मुंबईच्याच ‘कॅम्प’ ह्या स्टुडिओनं अलीकडं, २०२२ साली, ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ केलं ते पण ह्याच जातीचं, उंच इमारतीवरचा सीसीटीव्ही कॅमेरा वरून खाली झुकतो आणि आभाळापासून झोपड्यांपर्यंतची मुंबई शेजारशेजारच्या अनेक पडद्यांवर खाली उतरत येते. सीसीटीव्ही आता आपल्या पण चौकाचौकात आहेत, त्याचा ट्रॅफिकच्या दंडाच्या पावतीशिवाय काही उपयोग होऊ शकतो हे बघून बरं वाटलं.

पडद्याच्या आतली जागा हा आणखी वेगळा विषय आहे, त्यात फार शिरत नाही. मायकेल स्नो ह्या कॅनडाच्या माणसाची १९६७ ची ‘वेव्हलेंग्थ’ ४५ मिनिटं एकाच खोलीत पुढं पुढं सरकत भिंतीवरच्या समुद्राच्या फोटोत जाऊन पोचते, मध्ये एक माणूस येऊन पडतो, मरतो, आणि झूम त्याला ओलांडून चालला जातो, थांबत नाही. आणि आपले मणी कौल, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकलेले, त्यांनी ‘उसकी रोटी’साठी २८ आणि १३५ एमएम अशा दोन लेन्सवर, एक रुंद बघणारी आणि दुसरी लांबचं जवळ ओढणारी, भर दिला, कॅमेऱ्यावर के. के. महाजन. एकीत मागचं शेत, झाड, रस्ता सगळं लख्ख आणि लांब लांब, दुसरीत बाईचा चेहरा तेवढा धारदार, बाकी पुसून टाकल्यासारखं. बस स्टॉपवर डबा घेऊन वाट बघणारी बाई आहे, पिक्चरमध्ये ‘होत’ काही नाही, पण त्या रस्त्याची लांबी तुमच्या अंगावर येते. असले पिक्चर आमच्या थिएटरला लागले असते तर मालकानं पहिल्या शोलाच मला विचारलं असतं की रीळ अडकलंय का बघ जरा.

आता मुद्द्यावर येतो. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाला आपण हार घालतो, मूकपटांच्या जमान्यातले आपले दिग्दर्शक बाबूराव पेंटर, त्यांचं नाव घेतलं की छाती फुगते, फुगायलाच पाहिजे. पण बाबूरावांनी केलं काय होतं? आनंदराव आणि बाबूराव हे दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, जंगल, राजवाडा, रस्ता, कापडावर खोली दाखवणारी ती चित्रं, त्यात त्यांचा हात धरणारा कोण नव्हता. मग त्यांना सिनेमाचं वेड लागलं, स्वतःचा कॅमेरा करायला घेतला, आनंदराव १९१६ ला गेले, तो कॅमेरा बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन तडीस नेला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० ला ‘सैरंध्री’ आला. आणि ज्या पडद्यांवर आयुष्य काढलं तेच पडदे ह्या माणसानं सिनेमातून काढून टाकले! रंगवलेल्या कापडाच्या जागी खऱ्या भिंती, खरे कोपरे, माणूस आत शिरून वावरेल असे सेट उभे केले, कृत्रिम उजेड आणला. बाबूरावांच्याच ‘सावकारी पाश’ मधल्या एका अंधुक उजेडातल्या झोपडीच्या लाँग शॉटची आठवण पुढं फिल्म निर्माते जे. बी. एच. वाडियांनी सांगून ठेवलीय, अख्ख्या पिक्चरमधली झोपडी लक्षात राहिली बघा. कापडावरची जागा खोटी वाटली म्हणून स्वतःच्या हातचं काम बाजूला सारणारा माणूस ह्या गावचा, आणि त्याच गावात पोरांनी हवेत भिंत उभी केली तर आपण ऑस्कर-ऑस्कर करून हसतो.

आणि ज्या हॉलमध्ये शो झाला त्या हॉलचं पण ऐका, नाव घेत नाही, कारण बाकीच्यांची तऱ्हा फार वेगळी नाही. खुर्च्या नटबोल्टनं जमिनीला ठोकलेल्या, फक्त स्टेजपुढची पट्टी मोकळी, म्हणून सगळा शो तेवढ्या जागेत कोंबला. खिडक्यांना पडदे होते पण दोन पडद्यांमध्ये वीतभर फट, तिथं पोरांनी पुठ्ठे लावले ते शो चालू असताना एक एक करून पडत होते. व्हेंटिलेटरमधनं बाहेरच्या हॅलोजनचा उजेड थेट समोरच्या भिंतीवर. स्टेजच्या मागची एक ट्यूब बंदच होत नाही, तिचं बटण ऑफिसात आणि ऑफिसला कुलूप. वॉचमननं धूर बघून आरडाओरडा केला, त्याला मी दोष देत नाही, केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये डोळ्यादेखत जळताना बघितलेलं गाव आहे हे, धूर म्हटलं की पोटात गोळा येणारच. पण म्हणूनच म्हणतो, धूप-उदबत्तीवर पोरांना भागवायला लावू नका, नीट धुक्याचं मशीन, नीट वायरिंग, बाहेर पडायला दोन दारं असलेली एक जागा द्या.

मोठं काही मागत नाही. मोरेवाडीला चित्रनगरीत एवढं काम चाललंय, तिथं एक खोली, नाहीतर महापालिकेच्या एखाद्या बंद पडलेल्या हॉलमध्ये, नाहीतर एखाद्या कॉलेजनं मनावर घ्यावं. शंभर माणसं उभी राहतील एवढी. भिंती काळ्या मारलेल्या, खिडकी नसली तर उत्तम. खुर्च्या घडीच्या, भिंतीला लावून ठेवता येतील अशा. छताला चार ठिकाणी हुक, कुठूनही कुठंही कापड बांधता आलं पाहिजे. प्लगपॉइंट चारी भिंतींना, एकाच कोपऱ्यात नको, नाहीतर वायरींत पाय अडकून माणसं पडतात. आणि सगळे लाइट एका बटणावर, ते बटण खोलीच्या आत. एवढं झालं की महिन्यातून एकदा फिल्म सोसायटीवाल्यांनी, आर्टच्या पोरांनी काय घालायचा तो गोंधळ घालावा. त्यातलं निम्मं फसेल. फसू दे की, आमच्या थिएटरला लागलेल्या पिक्चरपैकी किती चालले होते?

राहता राहिला प्रोजेक्टर. माझ्या एका जुन्या सोबत्याच्या माळ्यावर १६ एमएमचा आहे, बेल्ट बदलला आणि तेल दिलं की चालेल, दिवा मिळवायला खटपट करावी लागेल पण मिळतो. चालवायला मी येतो, पैसे नकोत, चहा पाजा. आणि पत्र लिहिणाऱ्या त्या सद्गृहस्थांना पण बोलवा, त्यांची उभं राहायची तयारी नसेल तर एक खुर्ची ठेवू, पण ती प्रोजेक्टरकडं तोंड करून.

आपला,
एक जुना ऑपरेटर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर